लेखक थांबल्यावर: कासच्या पठारावरचा एक रविवार

सातारा जिल्ह्यातील रानफुले आणि झाडे यांची माहिती देणारे एक संकेतस्थळ आम्ही काही हौशी मंडळी चालवतो. त्यामागे पैसा नाही, कचेरी नाही, पगारी माणूस नाही; दिवसाची नोकरी सांभाळून रात्री जेवणे उरकल्यावर संपादनाचे काम करायचे, एवढीच माझी त्यातली भूमिका. सुरुवातीला लिहिणाऱ्यांची वानवा नव्हती. महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एक मॅडम, कराडचे एक डॉक्टर, वाईकडचे एक निवृत्त वनपाल, डोंगर भटकणारी पाच-सहा मुले अशा सर्वांनी मनापासून लेख दिले आणि कास, चाळकेवाडी, महाबळेश्वर, कोयनेचा परिसर यांवरची पाने भराभर तयार झाली. नंतर लेख येणे हळूहळू थांबले. भांडण झाले नाही, मतभेद झाले नाहीत, कोणी निरोपही घेतला नाही. मुले नोकरीसाठी पुण्याला गेली, डॉक्टरांचा व्याप वाढला, मॅडम निवृत्त झाल्या आणि घरच्या आजारपणात अडकल्या. जे फिरत होते त्यांची छायाचित्रे व्हॉट्सॲपवरच्या गटात येत आणि दोन दिवसांत खाली जाऊन दिसेनाशी होत. आमच्या पहिल्या पानावर मात्र पावसाळ्यातला कारवी या झुडपाचा लेख हिवाळा सरून उन्हाळा लागला तरी सर्वांत वर तसाच उभा होता.

इतिहासावरचे पान वर्षभर तसेच राहिले तरी त्याचे फारसे बिघडत नाही. फुलांचे तसे नाही. सातारचा पश्चिम भाग आणि पूर्व भाग यांत इतके अंतर आहे की महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर माण तालुक्यात ५०० मिलिमीटरच्या आसपास पडला तरी लोक समाधान मानतात. त्यामुळे एकाच आठवड्यात एका टोकाला बहर आणि दुसऱ्या टोकाला धूळ असू शकते. पाऊस लांबला की कासचा बहरही पुढे सरकतो. ज्या वाचकाला या आठवड्यात काय पाहायला मिळेल हे जाणून घ्यायचे आहे, त्याला गेल्या वर्षीचा सुंदर लेख पुरत नाही. कारवीची गोष्ट तर आणखी वेगळी आहे, कारण तिला सात-आठ वर्षांनी एकदा फुले येतात आणि हौसेने लिहिणारा माणूस सहसा इतकी वर्षे एका कामात टिकत नाही. एका बहराची नोंद करणारा पुढच्या बहराला हजर असेलच असे नाही, आणि म्हणून ती नोंद जपणारी जागा त्याच्यामागे जिवंत राहायला हवी, ही माझी या कामामागची खरी तळमळ आहे.

उपाय सुचवणारे पुष्कळ भेटले. स्पर्धा घ्या, बक्षीस ठेवा, दुसरीकडचे लेख परवानगीने उचला, संगणकाकडून लेख लिहून घ्या. यातले शेवटचे दोन मला पटले नाहीत. केरळातल्या किंवा हिमालयातल्या फुलांवरचा लेख कितीही चांगला असला तरी कासच्या वाटेवरच्या पेट्रीच्या वळणावर आज तेरडा आला आहे की नाही हे तो सांगू शकत नाही, आणि संगणकाने जुळवलेला मजकूरही ते सांगू शकत नाही, कारण त्यासाठी कोणीतरी तिथे उभे राहावे लागते. जुन्या लेखकांना मी नियमाने निरोप पाठवत असे. प्रत्येक जण आदराने उत्तर देई, "नक्की देतो", आणि विषय तिथेच राही.

त्या सप्टेंबरात मॅडमची घरची अडचण थोडी सैल झाली होती. मी त्यांना लेखाविषयी काहीच न बोलता एवढेच विचारले, "मॅडम, रविवारी कासला येता का? नुसते फिरून येऊ." त्या लगेच तयार झाल्या. हंगामात पठारावर ठरावीक संख्येनेच माणसे सोडतात आणि नोंदणी आधी करावी लागते, म्हणून आम्ही सकाळची पहिली वेळ घेतली. यवतेश्वरचा घाट चढलो तेव्हा खाली सातारा धुक्यात बुडाला होता, आणि पुढे कासपर्यंत रस्ता दिसतो न दिसतो अशीच अवस्था होती. समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवरचा हा जांभ्याचा सडा म्हणजे वर वीतभरही माती नसलेला उघडा कातळ. त्यावर फुलझाडांच्या ८५० च्या आसपास जाती नोंदल्या गेल्या आहेत, आणि २०१२ साली पश्चिम घाटातील जागतिक वारसास्थळांत त्याचा समावेश झाला. हे आकडे आमच्या पानावर पहिल्यापासून होते. मॅडमबरोबर चालताना जे ऐकले त्यातले फारच थोडे त्या पानावर होते.

एका उथळ खळग्याजवळ त्या खाली बसल्या. पाण्यात वायतुऱ्याची पाने तरंगत होती आणि इंग्रजी वाय या अक्षरासारखे दुभंगलेले जांभळट तुरे थोडेच उरले होते. या वनस्पतीच्या शास्त्रीय नावातच आपला जिल्हा आहे, ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस. १९८२ साली ती नवी जात म्हणून प्रसिद्ध झाली. "हिचा जोर जुलैत बघायचा," मॅडम म्हणाल्या. "आत्ता येणाऱ्याला वाटतं, एवढीच असते. खळगं आटलं की वर काही राहत नाही. कंद खाली चिखलात असतो. म्हणून उन्हाळ्यात या खळग्यांवरून गाड्या नेल्या की पुढच्या पावसात हिचं काही खरं नाही." आमच्या पानावर वायतुऱ्याचे सविस्तर वर्णन होते, परंतु उन्हाळ्यात त्या कोरड्या खळग्यावर पाय किंवा चाक पडू नये, हे त्यात कुठेही नव्हते.

पुढे निळ्या-जांभळ्या सीतेच्या आसवांचा गालिचा लागला. जांभ्यावरच्या मातीत नत्र फार कमी असते, आणि ती उणीव ही वनस्पती सूक्ष्म जीव पकडून भरून काढते. मी भ्रमणध्वनीवर आमचे जुने पान उघडून त्यांना वाचून दाखवले. एका विद्यार्थ्याने लिहिलेल्या त्या पानात जीव पकडणारे बारीक फुगे मुळांवर असतात असे वाक्य होते. मॅडमनी तिथेच थांबवले. "हिला खरी मुळंच नसतात. जमिनीत पसरणाऱ्या बारीक फांद्यांवर फुगे असतात. ते वाक्य आज बदला." आणि मग थोडा वेळ थांबून त्यांनी स्वतःहून विषय काढला. "तुमचे निरोप येतात, मला वाईट वाटतं. लिहायला बसते, पण तो वायतुऱ्याचा लेख मी इतका मनापासून लिहिला होता, की पुढचा त्याच तोडीचा व्हायला हवा असं वाटतं. चार पानं म्हटली की हात थांबतो. असं कोणी समोर धरून विचारलं, तर मात्र किती सांगू असं होतं."

माझ्या मते त्या दिवसाचे सारे मोल या बोलण्यात होते. लिहिणे थांबले म्हणजे पाहणे थांबले, असे आपण नकळत धरून चालतो. मॅडम गेल्या दोन वर्षांत घराबाहेर कमी पडल्या असतील, पण जेव्हा पडल्या तेव्हा प्रत्येक वेळी त्यांनी काहीतरी टिपलेले होते, आणि ते सगळे त्यांच्या वह्यांत शाबूत होते. अडले होते ते चार पानांच्या लेखावर. जिने एकदा उत्तम लिहिले आहे तिच्यापुढे तिचाच पहिला लेख उंबरठा होऊन बसतो, हे मी नंतर इतर जुन्या लेखकांकडूनही निरनिराळ्या शब्दांत ऐकले.

पठारावर व्यवस्था पाहणाऱ्या गावकऱ्यांत कासच्या बाजूचे एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांना सगळे आबा म्हणतात. त्यांचे आयुष्य या सड्यावर गुरे चारण्यात गेले. मॅडम आणि ते बोलू लागले तेव्हा मी फक्त वही काढली. आबा म्हणाले, "गुरं फिरायची तवा गवात एवढं माजत न्हवतं बगा. आता गवात उंच झालं, की बारकी फुलं खाली घुसमटत्यात. गेंद तर उघड्यावरच येतंय." गेंद म्हणजे सड्यावरचे बारीक, पांढरे, चेंडूसारखे फूल. मॅडमनी त्यांना प्रतिप्रश्न विचारले, कोणत्या बाजूला, कोणत्या महिन्यात, गुरे थांबून किती वर्षे झाली, आणि आबांनी हाताने जागा दाखवत उत्तरे दिली. चराई आणि फुले यांच्या नात्यावर कासमध्ये अनेक वर्षे वाद चालू आहे. आबांचे म्हणणे हा त्यावरचा निर्णय नव्हे, परंतु ज्या माणसाने ती जागा जन्मभर पाहिली त्याचे निरीक्षण दिनांकासह, त्याच्याच शब्दांत नोंदले जाणे मला अत्यंत आवश्यक वाटते. त्यांनी आजवर कधी लेख लिहिला नव्हता आणि पुढेही लिहिणार नाहीत. नाव घालू का असे विचारल्यावर ते म्हणाले, "घाला की. खोटं कुटं काय बोललोय?"

त्या रात्री मी एक सात-आठ ओळींची नोंद तयार केली: दिनांक, ठिकाण, त्या दिवशी काय फुलले होते, काय संपत आले होते, काय अजून आले नव्हते. ती मॅडमना फोनवर वाचून दाखवली, त्यांनी दोन शब्द बदलायला सांगितले, आणि नोंद त्यांच्या नावाने गेली. सीतेच्या आसवांच्या जुन्या पानातले वाक्य दुरुस्त केले, वायतुऱ्याच्या पानात उन्हाळ्यातल्या खळग्यांविषयीचा परिच्छेद घातला, आणि दोन्ही पानांवर वरच लिहिले की हे पान कोणी आणि केव्हा तपासले. दुसऱ्या दिवशी कराडच्या डॉक्टरांचा, ज्यांच्याकडून कित्येक महिने अक्षर आले नव्हते त्यांचा, निरोप आला: आगाशिवच्या डोंगरावर सोनकीची पिवळी फुले अजून धरलेली नाहीत, कासची नोंद वाचून त्यांनी मुद्दाम पाहिले. मी तो निरोप जसाच्या तसा, त्यांची संमती घेऊन, दुसरी नोंद म्हणून लावला.

त्यानंतर आम्ही कोणाकडेही लेख मागितला नाही. प्रत्येकाला एकच नेमका प्रश्न विचारतो, उत्तर फोनवर उतरवून घेतो, वाचून दाखवतो आणि त्याच्या नावाने लावतो. या पद्धतीला आमच्याच जिल्ह्यात मोठा आधार आहे. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले आणि १९७६ साली त्याचा पहिला खंड बाहेर आला. इतका मोठा ग्रंथ तयार झाला तो ठरवून दिलेल्या, आखीव नोंदींमधून, आणि नोंदीच्या शेवटी ती लिहिणाऱ्याचे नाव असते. आमचा आवाका त्याच्या हजाराव्या हिश्श्याएवढाही नाही, पण मर्यादित विषय, ठरलेला आकार आणि लिहिणाऱ्याचे नाव या तीन गोष्टी आम्हाला तशाच उपयोगी पडल्या.

उन्हाळा हा आमचा सर्वांत रिकामा काळ असे, कारण पश्चिमेकडे लिहिण्यासारखे काही नाही असे सगळ्यांनी गृहीत धरले होते. आता फेब्रुवारीपासून आम्ही पूर्वेकडे वळतो. दहिवडीच्या बाजूचे एक शिक्षक शाळेत जाता-येता पळस, पांगारा, काटेसावर आणि पुढे बहावा पाहतात आणि ठरलेल्या वारी फोनवर सांगतात. त्यांना लिहिण्याची हौस नाही. पाहण्याची विलक्षण आहे.

एक बंधन मात्र आम्ही घालून घेतले, आणि त्यावर मी ठाम आहे. ताजी माहिती म्हणजे नेमकी जागा सांगणे नव्हे. कंदीलपुष्पाच्या काही जातींचे कंद लोक खणून खातात, दुर्मीळ आमरी, म्हणजे ऑर्किड, मुळासकट उपटून नेल्या जातात. अशा वनस्पती दिसल्या तर आम्ही महिना आणि तालुका एवढेच देतो, आणि जागा फक्त वहीत ठेवतो. यामुळे काही वाचक नाराज होतात. त्यांना मी प्रत्येक वेळी हेच कारण समजावून सांगतो.

अडचण एक उरली होती. फोन करणे, उतरवणे, वाचून दाखवणे हे सारे माझ्या एकट्यावर होते, आणि मी थांबलो असतो तर सगळेच थांबले असते. म्हणून मॅडमच्या ओळखीने साताऱ्यातल्याच एका विद्यार्थिनीला आम्ही या कामात घेतले. पूर्वेकडचे फोन आता तीच करते, आणि प्रश्न कसा विचारावा हे ती मॅडमकडून शिकते आहे, "कसं आहे तिकडे?" असे न विचारता "शाळेमागच्या पळसाची पानं पूर्ण गळली का?" असे विचारावे, हे तिला पहिल्याच आठवड्यात उमगले. कारवीसाठी तिने एक स्वतंत्र पान उघडले आहे. त्यात प्रत्येक ठिकाणासमोर बहराचे वर्ष, पाहणाऱ्याचे नाव आणि पुढच्या अपेक्षित बहराच्या वेळी तिथे जाण्याची जबाबदारी घेतलेल्या दोन जणांची नावे आहेत. कासच्या रकान्यात त्या दोघांपैकी एक आबांचा नातू आहे.