ज्वालामुखीच्या खडकातलं ग्रॅफाइट: माझ्या सेमिनारचा अनुभव

एम.एस्सी.च्या सेमिनारला मी बॉरोडेलचं ग्रॅफाइट, म्हणजे पेन्सिलीत असतं ते काळं कार्बनचं खनिज, घेतलं, तेव्हा सोलापूरच्या आमच्या वर्गातून एकच प्रश्न आला: लाव्हाच्या खडकात ग्रॅफाइट कसं? शंका रास्तच होती. ग्रॅफाइट म्हटलं की आम्हाला रूपांतरित खडक आठवतात. गाळासोबत गाडला गेलेला सेंद्रिय पदार्थ उष्णतेनं आणि दाबानं बदलत जातो, हा पाठ पक्का असतो. शिवाय आमच्या पायाखाली सगळा बेसॉल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा काळा खडक, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. मोहोळकडं विहिरीच्या ढिगाऱ्यात दगड फोडून पाहिले, तर पोकळ्यांत झिओलाइट, कॅल्साइट, क्वार्ट्झ ही खनिजं. बोटं काळी करणारं काही नाही.

बॉरोडेल उत्तर इंग्लंडमधल्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये आहे. तिथला अँडेसाइट हा ज्वालामुखीचा खडक सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि ग्रॅफाइट त्यात उभ्या नळकांड्यांसारखं भरलेलं. पेन्सिलीचा इतिहास याच खाणीपासून सुरू होतो. त्या काळात ते शिसंच समजलं जाई. शेले या रसायनशास्त्रज्ञानं १७७९ मध्ये त्यातला कार्बन दाखवून दिला.

मी तयारी सुरू केली ती कार्बन आला कुठून इथून. ते तुलनेनं सोपं निघालं. या ग्रॅफाइटमध्ये हलका कार्बन, म्हणजे कार्बन-१२, जास्त आहे. सजीवांपासून आलेल्या कार्बनची ही खूण. ज्वालामुखीच्या थराखाली स्किडॉ गटाचे सेंद्रिय कार्बन असलेले जुने गाळाचे खडक आहेत. वर चढणाऱ्या मॅग्मानं, म्हणजे वितळलेल्या खडकानं, ते पोटात घेतले आणि कार्बन भेगांतून फिरणाऱ्या फ्लुइडमध्ये आला.

सरांनी मात्र पहिल्याच बैठकीत अडवलं. "अगं, आला कुठून ते ठीक. फ्लुइडमधून बाहेर का पडला ते सांग."

इथं मी बरीच अडकले, आणि खरं तर इथंच विषय आवडला. फ्लुइड म्हणजे पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन यांचं गरम मिश्रण. ते भेगांतून वर येताना भोवतालच्या अँडेसाइटशी त्याची प्रक्रिया होते. पायरॉक्सिन आणि प्लॅजिओक्लेज ही त्यातली मूळ खनिजं बदलतात, क्लोराइट आणि एपिडोट तयार होतात. या दोन्ही नव्या खनिजांच्या रचनेत हायड्रॉक्सिल, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, असतं, आणि ते मिळतं फ्लुइडमधल्या पाण्यातून. काहिलीत उसाचा रस आटतो तेव्हा पाणी वाफ होऊन जातं. इथं ते खडकच पिऊन टाकतो. उरलेल्या फ्लुइडमध्ये कार्बनचं प्रमाण वाढत जातं आणि एका टप्प्यावर फ्लुइडला तो कार्बन धरून ठेवता येत नाही. शिवाय कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन मिळून ग्रॅफाइट आणि पाणी होतं, या समीकरणात पाणी निघून गेलं की प्रक्रिया ग्रॅफाइटच्या बाजूला सरकते. बारावीचं ल शातेलिएचं तत्त्व! वहीत हे मांडल्यावर मी मैत्रिणीला रात्रीच फोन केला.

पुरावाही खडकातच आहे: ग्रॅफाइटला चिकटूनच क्लोराइट आणि एपिडोट सापडतात, आणि क्वार्ट्झमध्ये त्या फ्लुइडचे सूक्ष्म थेंब अडकलेले आहेत. तापमान सुमारे ५०० अंश सेल्सिअस. एवढ्या तापमानाला ग्रॅफाइटचे इतके सुबक स्फटिक फ्लुइडमधून मिळतात, हे मला या ठेव्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

सेमिनारला अपेक्षित प्रश्न आलाच: मग आपल्या विहिरीच्या दगडात का नाही? मी सांगितलं, आपल्या पोकळ्यांतली झिओलाइटं बऱ्याच कमी तापमानाची, पाणीदार फ्लुइडमधली. ती पाणी स्वतःच्या रचनेत घेतात हे खरं, पण त्या फ्लुइडमध्ये बॉरोडेलसारखा कार्बनचा साठाच नव्हता. नुसतं पाणी कमी होऊन भागत नाही. सरांनी मान डोलावली आणि लगेच पुढचं काम दिलं. ग्रॅफाइट अपारदर्शक, नेहमीच्या थिन सेक्शनमध्ये, म्हणजे प्रकाश आरपार जाईल इतक्या पातळ कापात, नुसतं काळं दिसतं. म्हणून विभागातल्या नमुन्याचा पॉलिश केलेला तुकडा परावर्तित प्रकाशात बघायचा आहे. सध्या तो घासतेय.