तुम्ही विचारलंत म्हणून: खेळत नाहीये, तर काढत का नाहीत?

गणपती आणि अमेरिकेतला फुटबॉलचा सीझन साधारण एकाच सुमाराला येतात. त्यामुळे न्यू जर्सीतल्या आमच्या मंडळात आरती चालू असताना मागच्या रांगेतले दोघं-तिघं मान खाली घालून उभे असतात. भक्तीने नव्हे, फोनवर स्कोअर दिसतो म्हणून. मग प्रसादाच्या रांगेत त्यांच्यातला एखादा मला गाठतो. "काकू, तुम्हाला यातलं कळतं म्हणून विचारतो. आपला क्वार्टरबॅक एवढा भिकार खेळतोय, तर त्याला बसवत का नाहीत?" पुण्याहून फोनवर दादा हेच विचारतो, फक्त जास्त वैतागून: "अगं, आपल्याकडे दोन सिरीज अपयशी ठरला की डच्चू मिळतो. तुमच्याकडे काय जावई आहे का तो?"

मला यातलं कळतं हा समज कसा पसरला, ते शेवटी सांगते. आधी उत्तर.

आमचा संघ म्हणजे न्यूयॉर्क जायंट्स. नाव न्यूयॉर्कचं, पण स्टेडियम ईस्ट रदरफोर्डला, म्हणजे आमच्या न्यू जर्सीतच. दादाला मी नेहमी सांगते, क्वार्टरबॅकची तुलना फलंदाजाशी करू नकोस. फलंदाज अकरांतला एक असतो. तो शून्यावर गेला तरी मागे दहा जण आहेत. क्वार्टरबॅकची जागा यष्टिरक्षकासारखी, एकच. दोन यष्टिरक्षक संघात घेतलेस तरी ग्लोव्ह्ज एकालाच मिळणार. त्यात इथे आक्रमणाच्या जवळपास प्रत्येक चालीत चेंडू आधी याच्याच हातात येतो, आणि समोरून सव्वाशे-दीडशे किलोची माणसं धावून येत असताना दोन-तीन सेकंदांत त्याला ठरवायचं असतं की फेकू, देऊ, की स्वतःच पळू.

दुसरी गोष्ट टीव्हीवर दिसत नाही. आठवडाभराच्या सरावात मुख्य आक्रमणाचा जवळपास सगळा वेळ पहिल्या क्रमांकाच्या क्वार्टरबॅकला मिळतो. दुसरा काय करतो? रविवारी समोर येणाऱ्या संघाच्या क्वार्टरबॅकचं सोंग घेऊन आपल्याच बचावफळीला सराव देतो. म्हणजे पोरगा वर्षभर दुसऱ्याची भूमिका पाठ करत असतो, आणि एका रविवारी अचानक त्याला सांगायचं की आज तू तूच. त्यामुळे "खालचा तरी काय वाईट?" या प्रश्नाचं उत्तर बहुतेकदा "बराच वाईट" असंच असतं.

तरी काढावं लागतं. जायंट्सनी ते इतक्या वेळा केलंय की उदाहरणांसाठी मला दुसऱ्या गावाला जायला नको.

2004 साली कर्ट वॉर्नर आमचा क्वार्टरबॅक होता. दोनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला, पण उतरणीला लागलाय असं सगळे धरून चालले होते. नऊ सामन्यांत पाच विजय, चार पराभव. काही अगदीच रडगाणं नव्हतं. तरीही कोच टॉम कॉफलिन यांनी त्याला बसवलं आणि नवख्या इलाय मॅनिंगला उतरवलं. मॅनिंग लागोपाठ सहा सामने हरला. त्यातला बाल्टिमोरचा सामना मला आजही आठवतो: 18 वेळा फेकला, चार पास पूर्ण, 27 यार्ड. क्वार्टरबॅकच्या कामगिरीचं जे रेटिंग काढतात ते शून्य पूर्णांक शून्य आलं. त्या रात्री आमच्या घरात जेवताना कोणी बोललं नाही. वॉर्नरला परत आणा, अशी ओरड मीही केली. कॉफलिन यांनी ऐकलं नाही. शेवटच्या सामन्यात पोराने डॅलसला हरवलं, आणि पुढे 2008 आणि 2012 च्या फेब्रुवारीत दोन सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकून दिले. पहिला तर तोपर्यंत एकही सामना न हरलेल्या न्यू इंग्लंडविरुद्ध, 17-14.

आता 2017. तोच मॅनिंग, वय 36. सलग 210 सामने सुरुवातीपासून खेळलेला. आजारपण नाही, दुखापतीची सुट्टी नाही. संघ 2-9, म्हणजे दोन विजय, नऊ पराभव; पास झेलणारा सगळ्यात चांगला खेळाडू घोटा मोडून घरी बसलेला, आणि क्वार्टरबॅकला वाचवणारी पुढची फळी अशी की तिच्यापेक्षा आमच्या सोसायटीचं कुंपण बरं. मॅनिंगही पूर्वीचा राहिला नव्हता, हे मान्य. कोच बेन मॅकॲडू यांनी ठरवलं की आता जीनो स्मिथला खेळवायचं. वर मॅनिंगला सुचवलं की विक्रम चालू राहावा म्हणून हवं तर तू सुरुवात कर, नंतर आम्ही बदलू. तो नाही म्हणाला. निव्वळ आकडा पुढे सरकवायला खेळणं त्याला पटेना. लॉकरसमोर पत्रकारांशी बोलताना त्याचे डोळे भरून आले होते, आणि माझ्या ओळखीतली, एरवी त्याला शिव्या घालणारी माणसं त्या दिवशी संतापाने थरथरत होती.

ऑकलंडला सामना झाला, 24-17 असे हरलो. दुसऱ्याच दिवशी मॅकॲडू आणि जनरल मॅनेजर जेरी रीस दोघांनाही नारळ मिळाला. पुढच्या सामन्यात मॅनिंग परत.

लोक म्हणतात, निर्णय बरोबर होता, फक्त पद्धत चुकली. मला हे पटत नाही. निर्णयच चुकला होता. म्हणे भविष्य तपासायचं होतं. ठीक आहे. मग त्याच वर्षी नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत तिसऱ्या फेरीत घेतलेला डेव्हिस वेब नावाचा पोरगा होता ना बाकावर? त्याचंही बघू, असं म्हणाले होते. तो त्या अख्ख्या सीझनमध्ये एकदाही मैदानात उतरला नाही. कॉफलिन यांनी ज्याच्या जीवावर संघ उभा करायचा होता त्यालाच उतरवलं, आणि रेटिंग शून्य आलं तरी काढलं नाही. इथे कुठलाच प्रश्न सुटणार नव्हता. पुढच्या वर्षी दुसऱ्या क्रमांकाची निवड हातात असताना घेतला कोण, तर सेकॉन बार्कली, चेंडू घेऊन पळणारा. अप्रतिम खेळाडू, पण क्वार्टरबॅकचा प्रश्न होता तिथेच.

तर दादा, माझी कसोटी एवढीच: येणारा कोण? ज्याच्याबद्दल संघाला खरंच काही जाणून घ्यायचंय असा माणूस उतरवणार असाल, तर खुशाल काढा, सहा सामने हरायची तयारी ठेवा, आणि मग तीन आठवड्यांत घाबरून मागे फिरू नका. नुसतं प्रेक्षकांच्या तोंडावर काहीतरी फेकायचं असेल तर राहू द्या त्यालाच.

2019 ला हे आम्हाला बऱ्यापैकी जमलं. पहिले दोन सामने हरल्यावर मॅनिंगच्या जागी डॅनियल जोन्स, सहाव्या क्रमांकावर निवडलेला. पहिल्याच सामन्यात टॅम्पाला मध्यंतराला 18 गुणांनी मागे होतो, जिंकलो 32-31. या वेळी मॅनिंग रडला नाही, कोणी संतापलंही नाही. वेळ झाली होती आणि ते सगळ्यांना दिसत होतं. त्या डिसेंबरात त्याला घरच्या मैदानावर मायामीविरुद्ध एक शेवटचा सामना मिळाला. तो जिंकून त्याचा हिशोब झाला 117 विजय, 117 पराभव. अगदी बरोब्बर निम्मे! त्याच्याबद्दलच्या आमच्या भांडणांचा निकालही तेवढाच लागलाय.

आणि मग पैसा. हा भाग दादाला सगळ्यात लवकर कळतो. 2023 मध्ये जोन्सशी चार वर्षांचा, 16 कोटी डॉलरचा करार झाला. 2024 मध्ये 2-8 अशी अवस्था असताना त्याला बसवलं. खेळ वाईट होताच, पण करारात आणखी एक कलम होतं: त्याला मोठी दुखापत झाली असती तर पुढच्या वर्षीचे 2 कोटी 30 लाख डॉलर संघाच्या गळ्यात पडले असते. म्हणजे बाकावर बसवायच्या निर्णयात कोचइतकाच हिशेबनीसही बसलेला. त्याच्या जागी टॉमी डेव्हिटो आला, आमच्या इथलाच, न्यू जर्सीचा. आदल्या वर्षी आईवडिलांच्या घरी राहून जायंट्ससाठी खेळला म्हणून इथल्या आयांचा फार लाडका. टॅम्पाने आम्हाला 30-7 असं धुतलं. जोन्सला त्या आठवड्याच्या सरावात बचावफळीतल्या सेफ्टीच्या जागी उभं केलं होतं. 16 कोटींचा माणूस, दुसऱ्याचं सोंग घेऊन. दोन-तीन दिवसांत त्याने स्वतःच मला सोडा म्हणून सांगितलं, आणि सोडला.

बसवलेल्यांचं पुढे काय होतं, हेही विचारता तुम्ही. वॉर्नर ॲरिझोनाला गेला आणि त्या संघाला 2009 च्या फेब्रुवारीत सुपर बोलपर्यंत घेऊन गेला. जीनो स्मिथला आम्ही एका सामन्यापुरतं वापरून फेकलं, तो सिॲटलला 2022 मध्ये पुनरागमनाचा पुरस्कार घेऊन बसला. म्हणून कोणी "संपला" म्हणालं की मी गप्प बसते. आमच्याकडे संपतात, दुसरीकडे उगवतात.

आता मला हे कसं कळतं ते.

माझा मुलगा हायस्कूलच्या संघात दुसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक होता. दोन वर्षं मी शुक्रवारी रात्री ॲल्युमिनियमच्या थंडगार बाकांवर थर्मासमधला चहा पीत त्याला न खेळताना पाहिलं. शेजारी पहिल्या क्रमांकाच्या मुलाची आई बसायची. मला पहिल्याच सामन्याला तिने बसायला उशी दिली होती, नंतर दर वेळी दोन आणायची. आणि मी काय करत होते? तिच्या मुलाचे पास समोरच्यांच्या हातात गेले की शालीखाली बोटांवर मोजत होते. बाहेरून "अरेरे", आतून "तीन झाले". आरतीच्या मागच्या रांगेतल्यांना मी काय नावं ठेवणार!

ऑक्टोबरातल्या एका सामन्यात, तिसऱ्या सत्रात, कोचने माझ्या मुलाला हाक मारली. शेजारी एकदम शांत झालं. तिने काही न बोलता पांघरुणाची अर्धी बाजू माझ्या गुडघ्यांवर सरकवली. मी मैदानाकडे बघत राहिले, कारण तिच्याकडे बघायची हिंमत नव्हती.

या क्वार्टरबॅक मुलांच्या मनगटावर एक पट्टा असतो, त्यात प्लॅस्टिकखाली सगळ्या चालींची यादी, मुंगीएवढ्या अक्षरांत. कोच बाहेरून नंबर सांगतो, मुलगा बघून चाल बोलतो. तिच्या मुलाने तो पट्टा सोडून माझ्या मुलाला दिला. मला वाटलं आता तो जाऊन बाकावर बसेल. तो गेला नाही. दोघं डोकी जवळ आणून त्या कार्डावर वाकले, आणि तो बोटाने काहीतरी दाखवत राहिला. पंच शिट्टी मारतायत, कोच ओरडतोय, तरी तो बोट ठेवूनच.

घरी येताना गाडीत मी विचारलं, काय सांगत होता रे तो?

"चौदा नंबर चुकीचा छापलाय," मुलगा म्हणाला. "उजवीकडे लिहिलंय, पण जायचं डावीकडे. तो म्हणाला, मी तीन आठवडे लक्षात ठेवून खेळतोय, तुला माहीत नसेल."

सामना आम्ही हरलो. सोमवारी कोचने नवीन कार्डं छापून आणली.