गरुडेश्वरला नर्मदा थांबते तेव्हा
बडोद्याला मावशीकडे गेलं की गरुडेश्वर चुकत नाही. टेंब्ये स्वामींची समाधी तिथे आहे, त्यामुळे बडोद्याच्या मराठी घरांना ते आपलंच वाटतं. यंदा वाटेत केवडियाही केलं. सरदार पटेलांचा पुतळा, त्यातली गॅलरी, बाग सगळं पाहिलं. ऊन मरणाचं आणि गर्दी त्याहून जास्त. 135 मीटर उंचीवरच्या गॅलरीतून सरदार सरोवर धरण समोर दिसतं, पण आमच्या गाईडने धरणाची उंची सांगितली आणि पुढच्या घोळक्याकडे वळला. मला फार राग आला. खरी गोष्ट तर त्या धरणाच्या पोटात होती.

ती कळली गरुडेश्वरच्या घाटावर. मावशी पायरीवर बसून म्हणाली, "अहो, पूर्वी इथे नर्मदा कशी खळाळत जायची! आता नुसतं तळं झालंय." काकांची सगळी नोकरी विजेच्या खात्यात गेली. ते म्हणाले, "अगं, ते पाणी थांबवायलाच बंधारा घातलाय."

धरणाच्या पायथ्याशी जमिनीखाली वीजघर आहे. त्यात 200 मेगावॉटची 6 यंत्रं, म्हणजे एकूण 1200 मेगावॉट. पाणी खाली पडताना ती वीज करतात आणि उलटी फिरवली की पंप होऊन तेच पाणी वर धरणात चढवतात. पण चढवायला खाली पाणी हवं ना! ते तर भरूचकडे, समुद्राला जाणार. म्हणून धरणाखाली सुमारे 12 किलोमीटरवर हा बंधारा. यंत्रं 2006 पर्यंत सगळी सुरू झाली होती, बंधारा मात्र पुढे बरीच वर्षं नव्हता. तोवर पंप म्हणून ती वापरताच येईनात. सांगताना काकांचा आवाज चढला होता.

"चढवायला वीज लागतेच की," मावशी म्हणाली. लागते, आणि जास्तच लागते. 100 युनिट खर्चून साधारण 75 ते 80 परत मिळतात. पण दुपारी सौर वीज उतू जाते, आणि संध्याकाळी सूर्य मावळला की घरोघर दिवे, पंखे, मिक्सर एकदम सुरू होतात. ग्रिडमध्ये, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या तारांच्या जाळ्यात, वीज साठत नाही. ज्या क्षणी जेवढी लागते तेवढीच त्या क्षणी बनावी लागते, नाहीतर 50 हर्ट्झची फ्रिक्वेन्सी, म्हणजे विजेचा सेकंदाला 50 आवर्तनांचा ठेका, ढळते. दुपारची वीज संध्याकाळी वापरायची तर पाणी वर चढवून ठेवायचं.

मग काकांनी 5 एप्रिल 2020 च्या रात्रीचा विषय काढला. नऊ वाजता देशाने नऊ मिनिटं दिवे मालवले आणि मागणी सुमारे 31 हजार मेगावॉटने घसरली. औष्णिक केंद्रं इतक्या झटक्यात खाली-वर होत नाहीत. पाण्यावरची यंत्रं मिनिटांत कमी केली, मिनिटांत परत वाढवली, आणि ग्रिड टिकला. डिसेंबर 2013 मध्ये रायचूर-सोलापूर लाइनने दक्षिण जोडली गेली, तेव्हापासून सारा देश एकाच ग्रिडवर आहे. मागणी आणि पुरवठ्याचा मेळ घालणारं गुजरातचं लोड डिस्पॅच सेंटर मावशीच्याच गावात, बडोद्यातल्या गोत्रीला. त्या रात्री तिथे बसलेल्यांच्या पोटात काय कालवलं असेल!

नर्मदेच्या या विजेत महाराष्ट्राचा वाटा 27 टक्के आहे. मध्य प्रदेशाचा 57, गुजरातचा 16. त्यासाठी नंदुरबारकडची आपली 33 गावं पाण्याखाली आली, हेही पुतळ्यापाशी कुणी बोलत नाही. पाणी चढवण्याचं काम आपल्याकडे घाटघरला 250 मेगावॉटच्या प्रकल्पात होतं. भंडारदऱ्याला काजवे बघायला जाणाऱ्यांपैकी किती जण तिकडे वळतात?

सौर वीज वाढत जाईल तशी अशा प्रकल्पांची गरजही वाढणार, आणि ती मला मनापासून पटते. पण मावशीचंही खरं आहे. यंत्रं चालतील तसं पाणी चढ-उतार करणार आणि भाविक त्याच घाटावर अंघोळीला उतरणार. पाणी कशासाठी थांबवलंय आणि ते कधी वाढतं, हे सांगणारी पाटी मला घाटावर कुठे दिसली नाही. ती लावावी, गुजरातीत आणि इथे येणाऱ्यांसाठी मराठीतही.