नाणं कशाला उडवलं?

ढाक्यातली १९ वर्षांखालील मुलींची सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाई फुटबॉल स्पर्धेची फायनल बघून उठलेय, अजून डोकं शांत होत नाहीये. भारत विरुद्ध बांगलादेश. आठव्या मिनिटाला सिबानी देवीचा गोल, तेव्हापासून आपण पुढेच. आणि भरपाईच्या वेळेत बांगलादेशच्या सागरिकाने बरोबरी साधली. जीव हळहळला, पण शेवटपर्यंत धावणाऱ्या पोरीला दाद द्यायलाच हवी.

मग पेनल्टी. एकेक जण येतेय, चेंडू नीट ठेवतेय, चार पावलं मागे, आणि गोल! गोलकीपरसुद्धा आल्या, त्यांनीही मारले. ११-११. बावीसजणींपैकी एकही चुकली नाही हो!

आता नियम सरळ आहे, सगळ्यांची पाळी झाली की दुसरी फेरी सुरू. पण इथे नाणेफेक केली. आपण जिंकलो, आपल्या मुली नाचल्या. बांगलादेशच्या मुली मैदान सोडेनात, आणि त्यांचं बरोबरच होतं. मग निर्णय मागे, गोंधळ, आपला संघ मैदानाबाहेर, शेवटी दोघांना संयुक्त विजेतेपद.

ते मला मान्य आहे. पण इतक्या जिद्दीने खेळणाऱ्या मुलींना पुन्हा मारू द्यायला हवं होतं. हरलो असतो तरी चाललं असतं.