देवळे इथेही आहेत, मग तिकडे कशासाठी?

आम्ही दोघे पाठीवर पिशव्या अडकवून परदेशी निघालो, की नातेवाईक आणि शेजारी हटकून एकच प्रश्न विचारतात: देवळे आणि डोंगरच पाहायचे, तर ते आपल्याकडे कमी आहेत का? तुम्ही विचारलेत म्हणून उत्तर देते, आणि ते इंडोनेशियातल्या जावा बेटापुरतेच देते, कारण आमच्या फिरण्यामागचे कारण तिथे सर्वांत स्पष्ट दिसते.

कमी अजिबात नाहीत. पण इथल्या देवळात मी दर्शनाला जाते. रांग, हार-नारळ आणि मागून येणारा ‘पुढे चला’ हा पुकारा यांतून मान वर करून शिखराकडे पाहायला सवड मिळत नाही. योग्यकर्ता शहराजवळच्या प्रांबाननला ती भरपूर मिळते. नवव्या शतकातल्या या मंदिरसमूहाशी जोडला जाणारा शिलालेख सन 856 चा आहे, आणि मधले शिवमंदिर 47 मीटर उंच आहे. त्याच्या मुख्य गाभाऱ्यात शिव, दक्षिणेला अगस्त्य, पश्चिमेला गणपती आणि उत्तरेला महिषासुरमर्दिनी अशी मांडणी आहे. कठड्याच्या आतल्या बाजूला रामायण कोरलेले असून प्रदक्षिणा घातल्याशिवाय ते क्रमाने वाचता येत नाही. शिवमंदिराची फेरी संपते तेव्हा कथा अर्ध्यावर असते आणि पुढच्या भागासाठी शेजारच्या ब्रह्मदेवाच्या मंदिरात जावे लागते.

मला अधिक भावले ते मात्र पुन्हा न बांधलेले प्रांबानन. मुख्य देवळांभोवती 224 छोटी देवळे होती. त्यांतली बहुतेक आज दगडांचे ढीग होऊन पडली आहेत. मूळ दगडांपैकी निदान तीन चतुर्थांश सापडले तरच देऊळ पुन्हा उभे करायचे, असा तिथला नियम आहे. शिवमंदिराची पुनर्बांधणी 1953 साली पूर्ण झाली, ती असे दगड जुळवत जुळवतच. जीर्णोद्धार म्हणजे ऑइलपेंट आणि चकचकीत फरशी, हे समीकरण पाहत वाढलेल्या माझ्यासारखीला त्या ढिगांचा फार आदर वाटला.

डोंगरांचे वेड माझ्या नवऱ्याचे. जावात आमच्या दोघांच्या आवडी भांडत नाहीत, कारण तिथे देऊळ आणि डोंगर वेगळे काढताच येत नाहीत. प्रांबानन आणि बोरोबुदुरचा प्रचंड बौद्ध स्तूप यांचा दगड ज्वालामुखीचा, आणि पलीकडे दिसणारा मेरापी हा ज्वालामुखी अजून जागा आहे. 2010 च्या उद्रेकात त्याची राख बोरोबुदुरच्या स्तूपांवर येऊन बसली होती. दहाव्या शतकात तिथली राजसत्ता पूर्व जावाकडे सरकली, त्यामागे मेरापीचा कोप असावा असे काही अभ्यासक मानतात. आपला सह्याद्रीही लाव्ह्याचाच, पण तो थंड होऊन साडेसहा कोटी वर्षे झाली. वेरूळला उभे राहून डोंगराची भीती वाटत नाही.

दिएंगचे पठार तर ज्वालामुखीच्या पोटातच आहे. वोनोसोबो गावातून बटाट्यांच्या शेतांमधून चढणाऱ्या लहान बसने सुमारे दोन हजार मीटर उंचीवर पोहोचले, की गंधकाच्या वाफा सोडणाऱ्या जमिनीशेजारी जावातली सर्वांत जुनी शिल्लक देवळे दिसतात. ती शैव, पण पुढे लोकांनी त्यांना महाभारतातली नावे दिली: अर्जुन, भीम, घटोत्कच, आणि श्रीकंडी. ही आपली शिखंडी तिथल्या छायानाट्यात स्त्री योद्धा आणि चक्क अर्जुनाची बायको आहे! सेमार नावाचेही एक देऊळ आहे, आणि हा सेमार व्यासांना ठाऊकच नव्हता. तो जावाच्या छायानाट्यातला विदूषक, सेवक आणि देवही. जुलै-ऑगस्टमधल्या पहाटे इथे दव गोठते, पिके करपतात, आणि थंडीला न जुमानणारा माझा नवरासुद्धा घोंगडी मागतो.

राहणे साध्या गेस्टहाउसमध्ये, प्रवास रेल्वेच्या स्वस्त डब्यातून. शाकाहाराची चिंता करणाऱ्यांना सांगते, की टेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, सगळीकडे मिळते आणि योग्यकर्त्याचे गुडेग म्हणजे कच्च्या फणसाची, नारळाच्या दुधात तासन्‌तास शिजलेली भाजी. कोकणातल्या माणसाला ती आवडावी, मात्र गोडपणा सोसायची तयारी हवी. अंडे आणि कोंबडी वगळायला आधीच सांगावे लागते.

‘तिथे पूजा होते का?’ हा पुढचा प्रश्न. होते. पूर्वेकडच्या ब्रोमो ज्वालामुखीच्या पायथ्याशी तेंगर हिंदूंचे देऊळ आहे, आणि कसदा सणाला हे लोक भाजीपाला, कोंबड्या, पैसे असे अर्पण थेट विवरात टाकतात. विवराच्या आतल्या उतारावर जाळी घेऊन उभे असलेले काही जण ते झेलतात, आणि त्यात कोणालाच वावगे वाटत नाही.

प्रांबाननलाही न्येपीच्या आदल्या दिवशी मोठा विधी होतो. न्येपी म्हणजे बाली पंचांगातला वर्षारंभ, आणि त्यांचा शक आपल्यासारखाच सन 78 पासून मोजतात. महिन्यांच्या हिशेबामुळे दोन्ही वर्षारंभ नेहमी एकाच दिवशी येत नाहीत, पण 2023 साली पाडवा आणि न्येपी दोन्ही 22 मार्चलाच होते. पुन्हा तसा योग आला, तर घरी गुढी उभारायची की तिथला विधी पाहायचा, यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.