तुम्ही विचारलंत म्हणून: फादरचा कार्डिनल कसा होतो?

कॅथलिक चर्चमध्ये फादरचा बिशप (धर्मप्रांत म्हणजे चर्चचा एक विभाग सांभाळणारा) आणि बिशपचा कार्डिनल (पोप निवडणाऱ्या मंडळातला) कसा होतो? परीक्षा असते की मतदान? हे वारंवार विचारलं जातं. दोन्ही नसतं, अर्जही करता येत नाही. मुंबईचे वॅलेरियन ग्रेशस हे भारताचे पहिले कार्डिनल. त्यांची वाटचाल पाहिली की हे सगळं नीट उलगडतं.

जन्म कराचीचा, २३ ऑक्टोबर १९००, घराणं गोव्याचं. १९२६ मध्ये गुरुदीक्षा, म्हणजे ते फादर झाले, मग रोममध्ये पुढचं शिक्षण, परतल्यावर मुंबईचे आर्चबिशप, म्हणजे मुख्य बिशप, लिमा यांचे सचिव. हुशार फादरची वाट साधारण अशीच जाते. खरा अडसर पुढे होता आणि त्याचा ग्रेशस यांच्या लायकीशी काही संबंध नव्हता. पूर्वेकडच्या चर्चवर पोर्तुगालच्या राजाला पोपने दिलेले जुने हक्क, म्हणजे पाद्रोआदो, विसाव्या शतकातही पुरते संपले नव्हते. १९२८ च्या करारानुसार मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश असे. लिमा पोर्तुगीज, त्यांच्यानंतर १९३७ मध्ये नेमले गेलेले थॉमस रॉबर्ट्स इंग्रज. म्हणजे पुढची पाळी पुन्हा पोर्तुगीजाची.

ही कोंडी रॉबर्ट्स यांनी फोडली. १९४६ मध्ये ग्रेशस सहायक बिशप झाले आणि रॉबर्ट्स मुंबई सोडून गेले. पद मात्र त्यांनी लगेच सोडलं नाही, कारण ते रिकामं झालं असतं तर करार लागू झाला असता. धर्मप्रांताचा कारभार ग्रेशस पाहू लागले. जुलै १९५० मध्ये व्हॅटिकन आणि पोर्तुगाल यांच्यात नवा करार होऊन पाळीची अट गेली आणि ४ डिसेंबर १९५० ला ग्रेशस आर्चबिशप झाले. रॉबर्ट्स यांचं हे ऋण मुंबईच्या चर्चने विसरू नये, असं मला मनापासून वाटतं.

आता पाळी नाही, पण पद्धत गुप्तच आहे. उमेदवार किमान ३५ वर्षांचा आणि फादर होऊन किमान पाच वर्षं झालेला हवा, धर्मशास्त्रात किंवा चर्चच्या कायद्यात उच्च पदवी किंवा तेवढा अधिकार हवा. पोपचे दिल्लीतले राजदूत त्याला ओळखणाऱ्यांकडून लेखी मतं मागवतात. तो श्रद्धेने कसा आहे, तब्येत कशी आहे, लोकांशी कसा वागतो, असं बरंच काही विचारलेलं असतं. मग तीन नावं रोमला जातात, निर्णय पोपचा. त्या यादीबाहेरचं नावही पोप निवडू शकतात. विचारणा झाल्यावर नकार देता येतो. होकार दिला तर नियुक्तिपत्र मिळाल्यापासून तीन महिन्यांत दीक्षा. ती देताना मुख्य बिशपसोबत आणखी किमान दोन बिशप लागतात. डोक्यावर हात ठेवून प्रार्थना हा तिचा गाभा. तेल, अंगठी, मुकुट आणि हातातला धर्मदंड त्यानंतर.

कार्डिनलपदासाठी वेगळी दीक्षा नसते. पोप नाव जाहीर करतात, लाल टोपी आणि अंगठी देतात, रोममधलं एक चर्च नावावर करतात. ग्रेशस यांना हा मान जानेवारी १९५३ मध्ये मिळाला. १९६४ मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेस, म्हणजे कॅथलिकांचं मोठं धार्मिक संमेलन, भरली, तेव्हा भारतात आलेल्या पहिल्या पोपचं, सहाव्या पॉल यांचं, स्वागत त्यांनीच केलं. पोप निवडण्याचा हक्क मात्र ८० वर्षांपर्यंतच. मुंबईचे दुसरे ग्रेशस, कार्डिनल ऑस्वाल्ड, २०१३ च्या निवडणुकीत होते, पण डिसेंबर २०२४ मध्ये ८० पूर्ण झाल्यामुळे २०२५ मध्ये त्यांना मत देता आलं नाही.

पंचाहत्तरीला बिशपने राजीनामा द्यायचा असतो, तो स्वीकारायचा की नाही हे पोप ठरवतात. वॅलेरियन शेवटपर्यंत पदावर राहिले. ऑगस्ट १९७८ च्या पोप निवडणुकीला आजारपणामुळे त्यांना जाता आलं नाही आणि ११ सप्टेंबरला त्यांचं निधन झालं. पण आर्चबिशपपद रिकामं राहिलं नाही. सायमन पिमेंटा यांना आधीच उत्तराधिकारासह सहबिशप नेमलेलं होतं, त्यामुळे ते त्याच दिवशी आर्चबिशप झाले.