ढोलीतली पारंबी

झाडं तपासून कुठलं धोक्याचं, कुठलं नाही, हे लिहून द्यायचं, हे माझं काम. मूळचा मी वाईचा, सध्या इंग्लंडमध्ये सरे परगण्यात. एका वादळानंतर जुन्या चर्चमधून बोलावणं आलं. आवारातलं यूचं झाड (यू म्हणजे इथल्या चर्चच्या आवारांत दिसणारा, दीर्घायुषी सदाहरित वृक्ष) पूर्ण पोकळ झालंय, पडण्याआधी तोडायला हवं.

आवार सांभाळणारे सत्तरीचे गृहस्थ फाटकाशीच थांबले होते. छातीच्या उंचीवर फीत फिरवली : ८ मीटर ४० सेंटिमीटर. "वय किती असेल?" त्यांनी विचारलं. यूचं वय छातीठोक सांगता येत नाही. वलयं मोजायला गाभा लागतो, आणि जुन्या यूचा गाभाच कुजून गेलेला असतो. तरी झाड जगतं, कारण पाणी वाहून नेणारं लाकूड बाहेरच्या थरात असतं. जवळच क्रोहर्स्टला असंच पोकळ झाड आहे. १८२० साली गावकऱ्यांनी ते आतून साफ केलं, तेव्हा लाकडात तोफेचा गोळा सापडला. ढोलीला चक्क दार बसवलं. ते झाड आजही हिरवं आहे.

पण त्यांची भीती खोटी नव्हती. सेलबोर्नच्या चर्चमधला प्रसिद्ध यू जानेवारी १९९० च्या वादळात कोसळला. पुन्हा उभा करून पाहिला, पण तो जगला नाही. ते मनात ठेवूनच मी लाकडी हातोडीने बुंधा ठोकत फिरलो. एका बाजूला आवाज पार पोकळ आला. तिथेच गुडघ्यावर बसून, विजेरी घेऊन आत शिरलो.

आत वरून एक मुळी खाली आली होती, मनगटाहून जाड. झाडाच्याच कुजलेल्या गाभ्याची भुसभुशीत माती झाली होती, तिच्यात ती रुतली होती. यू असं करतो हे वाचलं होतं, पण हाताने पहिल्यांदाच चाचपत होतो. माझ्या तोंडून निघालं, "पारंबी!" आमच्या वडाच्या पारंब्या बाहेर लोंबतात, ही आत.

मी त्यांना हाक मारली. ते अवघडत वाकून आत आले. मी नखाने साल जराशी खरवडली. आत ओलसर, जिवंत.

ते बराच वेळ तिला हात लावून बसले होते.

तोडायचं नाही, असं मी लिहून दिलं. कललेल्या फांदीला टेकू द्यायचा, खालचं बाकडं हलवायचं, मुळांच्या घेरात नवी कबर खणायची नाही. आणि दरवर्षी बुंध्याआधी त्या पारंबीची जाडी मोजायची. त्या दिवशीचा आकडा : घेर १९ सेंटिमीटर.